दूध तोडल्यावर बुटकी पिल्लं दगावतात : स्नेल आणि एम्स उंदरांच्या वसाहतीतली नेहमीची अडचण

स्नेल आणि एम्स हे आनुवंशिक दोषामुळे बुटके राहणारे प्रयोगशाळेतले उंदीर. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विद्यार्थी वही घेऊन माझ्यासमोर येऊन बसतो आणि तक्रार तीच असते. वाहक (म्हणजे दोष अंगात असूनही दिसायला नेहमीसारखे) नर-मादी जोडले, पिल्लं झाली, दोन आठवड्यांनी त्यातली एक-दोन मागे राहिलेली दिसली. एकविसाव्या दिवशी नेहमीप्रमाणे दूध तोडून पिल्लं वेगळी केली आणि पुढच्या आठवड्याभरात बुटकी तेवढी मेली. भावंडं ठणठणीत. वहीत शेवटची ओळ असते : ‘उत्परिवर्तनामुळे मृत्यू’.

ही ओळ बहुतेक वेळा चुकीची असते, आणि तिचा मला मनापासून त्रास होतो. एक तर पिल्लं विनाकारण जातात. दुसरं म्हणजे जी वाचतात तीही उपाशी आणि गारठलेली असतात, आणि त्यांच्याच रक्तावरून आपण पीयूषिका ग्रंथीबद्दल (मेंदूच्या तळाशी असलेली, संप्रेरकं सोडणारी ग्रंथी) निष्कर्ष काढत बसतो.

तुमच्याकडे आत्ता पिंजऱ्यात अशी पिल्लं असतील तर कारणमीमांसा नंतर वाचा. आधी पुढच्या गोष्टी करा.

आज संध्याकाळच्या आत

बुटकं पिल्लू एकटं असेल तर त्याला आईकडे परत ठेवा. आई पुन्हा व्यायली असेल किंवा उपलब्ध नसेल, तर त्याच वयाची किंवा थोडी मोठी, नेहमीच्या आकाराची एक-दोन मादी पिल्लं सोबत द्या. बहीण असेल तर उत्तम. तीन बुटकी एकत्र ठेवली म्हणजे सोबत झाली, असं समजू नका. तिघंही गारच असतात, कुणी कुणाला ऊब देणार?

खाद्याच्या गोळ्या (पेलेट) वरच्या जाळीच्या खोबणीत असतील तर त्यातले मूठभर पाण्यात भिजवून, बोटांनी मोडून, लगदा करून उथळ काचेच्या बशीत पिंजऱ्याच्या तळाशी ठेवा. सकाळी आणि संध्याकाळी ताजा करा, कारण लगदा लवकर आंबतो. पाण्याच्या बाटलीची नळी पिल्लाच्या तोंडापर्यंत येते का, ते वाकून पिल्लाच्या उंचीवरून बघा. येत नसेल तर लांब नळीची बाटली लावा. स्वयंचलित पाण्याची सोय असेल तर तिच्यावर भरवसा नको. पाणी यायला तिच्या तोंडाशी असलेला खिळा दाबावा लागतो, त्याला जोर लागतो आणि आठ ग्रॅमच्या जिवात तो जोर नसतो.

घरट्यासाठी कापसाची दाबलेली वडी किंवा कागदाच्या पट्ट्या भरपूर घाला. मक्याच्या कणसाचा भुसा नुसता अंथरला तर तो ओल शोषतो, पण त्याचं घरटं होत नाही. पिंजरा हवा खेळवणाऱ्या रॅकमध्ये असेल तर तिथून काढून साध्या पिंजऱ्यात घ्या. त्या रॅकमध्ये तासाला पन्नास-साठ वेळा हवा बदलते. मोठ्या उंदराला ते चालतं, याला तो वाराच लागतो. गरम पट्टी वापरणार असाल तर ती पिंजऱ्याच्या अर्ध्याच भागाखाली ठेवा, म्हणजे पिल्लाला नको वाटलं की सरकता येईल.

एवढं करून दोन दिवस थांबा. वजन रोज एकाच वेळेला करा. बहुतेक वेळा तिसऱ्या दिवशी आकडा वर सरकतो.

असं का होतं

आमच्या प्राणीगृहातली एक सकाळ सांगते. पुण्यातला डिसेंबर होता आणि रात्री खोलीची वातानुकूलन यंत्रणा बिघडली होती. पारा किती उतरला ते सकाळी नोंदवहीत दिसलं. मी तापमानाचा आलेख बघत उभी होते. प्राण्यांची देखभाल करणारे आमचे मामा तोवर आत गेले होते. त्यांनी पिंजऱ्याचं झाकण काढून भुशात हात घातला आणि म्हणाले, “मॅडम, मोठी पिल्लं गरम लागतायत. ही दोन दगडासारखी गार आहेत.” त्यांनी ती दोन्ही तळहातात धरली, वर दुसरा हात झाकला आणि तसेच पाच मिनिटं उभे राहिले. एक पिल्लू हळूहळू मिशा हलवायला लागलं. दुसरं नाही हललं.

खोली एकच, रात्र एकच, तरी भावंडं गरम आणि ही गार, याचं उत्तर पीयूषिका ग्रंथीत आहे.

स्नेल उंदरात पिट-१ नावाच्या जनुकात दोष असतो. एम्स उंदरात तो प्रॉप-१ मध्ये असतो, म्हणजे एक पायरी आधी. प्रॉप-१ नीट चाललं तर पिट-१ कामाला लागतं. दोन्हींत परिणाम जवळपास सारखाच. पीयूषिकेच्या पुढच्या भागात वाढीचं संप्रेरक, प्रोलॅक्टिन आणि थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक बनवणाऱ्या पेशीच नीट तयार होत नाहीत. वाढीचं संप्रेरक नाही म्हणून शरीर लहान. थायरॉइडला चालना नाही म्हणून शरीराची भट्टी मंद. आणि जितकं शरीर लहान, तितकी त्याच्या वजनाच्या मानाने कातडी जास्त, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग जास्त. एम्स उंदराच्या शरीराचं तापमान भावंडांपेक्षा दीडेक अंशाने कमीच असतं. उंदराला स्वतःची उष्णता राखायला जादा कष्ट पडू नयेत असं तापमान तीस अंशांच्या आसपास असतं, आणि आपण खोली ठेवतो बावीस-तेवीसवर. सशक्त उंदीर ती तूट जास्त खाऊन आणि एकमेकांना बिलगून भरून काढतो. बुटक्याला जाळीपर्यंत पोचताच आलं नाही, तर ती तूट भरणार कशातून?

लिट या जातीचे उंदीर, म्हणजे ज्यांना इंग्रजीत ‘लिटल’ म्हणतात ते, यातून बऱ्यापैकी सुटतात. त्यांच्यात दोष वेगळ्या ठिकाणी आहे. मेंदूतून येणारा ‘वाढीचं संप्रेरक सोड’ हा निरोप घेणारा ग्राहक त्यांच्यात बिघडलेला असतो. थायरॉइडची बाजू शाबूत राहते. म्हणून लिट उंदीर लहान असले तरी इतके गारठत नाहीत आणि एकविसाव्या दिवशी दूध तोडलं तरी बहुधा टिकतात. ‘लिटची वसाहत मी वर्षभर सांभाळली, मग स्नेलमध्येच काय झालं?’ असं विचारणाऱ्यांना उत्तर हेच. आधीची सवय इथे उपयोगाची नाही.

ही चूक आपल्या आधी मोठ्या माणसांनीही केली आहे

जॉर्ज स्नेल यांनी १९२९ मध्ये या बुटक्या उंदराचं पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं. (त्यांना पुढे १९८० चं नोबेल मिळालं ते ऊतींच्या प्रत्यारोपणाशी संबंधित जनुकांसाठी. बुटका उंदीर हे त्यांचं तरुणपणीचं काम.) १९३० मध्ये स्मिथ आणि मॅकडॉवेल यांनी दाखवलं की या उंदरांना निरोगी प्राण्यांच्या पीयूषिकेचे तुकडे दिले की ते वाढतात. म्हणजे हाडांत खोट नव्हती, हाडांना निरोप पोचत नव्हता. आनुवंशिक खुजेपणाचं कारण थेट एका ग्रंथीत दाखवणारा हा पुरावा होता, तोही जनुक वाचायची साधनं नसताना. तो दोष पिट-१ मध्ये आहे हे १९९० मध्ये कळलं. एम्स उंदरांचं वर्णन आयोवातल्या एम्स इथून १९६१ मध्ये आलं, आणि त्यांच्यातला प्रॉप-१ चा दोष १९९६ मध्ये सापडला.

मधल्या काळात एक मोठी फसगत झाली. १९७० च्या सुमारास युरोपातल्या काही अभ्यासांत असं दिसलं की स्नेल उंदीर काही महिन्यांतच थकतात, त्यांची थायमस ग्रंथी (प्रतिकारपेशी घडवणारी) आक्रसते, प्रतिकारशक्ती कोसळते आणि ते लवकर मरतात. १९७२ मध्ये तर पीयूषिकेची संप्रेरकं नसली की अकाली वार्धक्य येतं, अशी मांडणी एका नामांकित नियतकालिकात झाली. वाचायला फार पटण्यासारखी मांडणी होती. पण त्याच काळात दुसऱ्या प्रयोगशाळांत हेच उंदीर चांगले जगत होते. पुढे १९९२ मध्ये दूध तोडण्याचं वय बदलून पाहिलं गेलं. ज्या बुटक्या पिल्लांना आईजवळ तिसाव्या दिवसापर्यंत राहू दिलं, त्यांची प्रतिकारयंत्रणा बरीच नेहमीसारखी निघाली. एकविसाव्या दिवशी तोडलेली मात्र खंगली होती.

मग १९९६ मध्ये एम्स उंदरांच्या आयुष्याचे आकडे आले. नर भावंडांपेक्षा सुमारे ४९ टक्के आणि माद्या सुमारे ६४ टक्के जास्त जगल्या. २००१ मध्ये स्नेल उंदरांचाही तसाच निष्कर्ष आला, ४० टक्क्यांच्या आसपास जास्त. त्या स्नेल बुटक्यांना नेहमीच्या आकाराच्या माद्यांसोबत ठेवलं होतं. काही महिन्यांत म्हातारा होऊन मरणारा आणि भावंडांपेक्षा कितीतरी जास्त जगणारा, हा उंदीर एकच. फरक पडला तो पिंजऱ्यातल्या ऊब-अन्नाने.

तुमच्या प्रयोगात दुधापासून तोडलेल्या बुटक्या पिल्लाची थायमस लहान दिसली, तर ते संप्रेरकाचं काम आहे की उपासमारीचं, हे पिंजरा सुधारल्याशिवाय सांगता येत नाही. मी विद्यार्थ्यांना सांगते की आधी तीन वेतं नीट जगवून दाखवा, मग सुरी हातात घ्या.

वेळापत्रक कसं बदलायचं

स्नेल आणि एम्स बुटक्यांचं दूध एकविसाव्या दिवशी तोडू नका. आईजवळ किमान अठ्ठावीस ते तीस दिवस राहू द्या, शक्य असेल तर पस्तीस. यात एक अडचण येते, आणि ती आधी ओळखली नाही तर सगळं मुसळ केरात जातं. नर पिंजऱ्यातच राहिला तर मादी व्याल्याबरोबर पुन्हा गाभण राहते आणि तीनेक आठवड्यांत दुसरं वेत येतं. मग नव्या पिल्लांच्या गर्दीत जुनी बुटकी चेंगरतात. त्यामुळे मादी पोटाने मोठी दिसायला लागली की नर वेगळा काढा. वसाहत थोडी हळू वाढेल, पण हाती येणारी बुटकी जिवंत असतील.

मोठी भावंडं मात्र एकविसाव्या दिवशी काढा, एक-दोन माद्या सोडून. ती आईचं दूध आणि लगदा दोन्ही हडपतात.

पुढे आयुष्यभर सोबत द्या. स्नेल नर वांझ असतात, त्यामुळे मोठ्या मादीसोबत ठेवायला हरकत नाही. एम्स नरांत मात्र काही प्रजननक्षम निघतात. ‘बुटकाच आहे’ म्हणून मादीसोबत ठेवला आणि महिन्याने पिल्लं झाली, असं घडतं. ती पिल्लं नको असतील तर वयस्क, प्रजननातून निवृत्त केलेली मादी सोबत द्या. हवी असतील तर हीच सोय आहे. प्रजननक्षम बुटका नर आणि वाहक मादी जोडली की चारात एक नव्हे, दोनात एक पिल्लू बुटकं मिळतं. बुटक्या माद्यांकडून मात्र पिल्लांची अपेक्षा ठेवू नका.

दूध तोडण्याचं वय, जास्तीचे सोबती आणि वाढलेली प्राण्यांची संख्या हे सगळं संस्थेच्या प्राणी नीतिसमितीला कळवून, मंजुरी घेऊनच बदला. सोबतीच्या माद्या हाही प्राण्यांचा वापरच आहे. त्यांची संख्या अर्जात धरली नाही, तर मधेच माद्या कमी पडतात आणि बुटकी पुन्हा एकटी राहतात.

‘मेली’ की मुळात झालीच नव्हती?

कधी तक्रार उलटी असते : बुटकी पिल्लं मिळतच नाहीत. इथे आधी गणित करा. दोन वाहकांच्या पिल्लांत चारात एक बुटकं अपेक्षित. आठांच्या वेतात दोन हवीत. पण आठांत एकही नसण्याची शक्यता दहात एक आहे, नुसत्या योगायोगाने. चाळीस पिल्लांत दहा अपेक्षित असताना सातच मिळाली तर काही बिघडलं असं म्हणता येत नाही. चाळीसांत दोनच मिळाली तर मात्र शोध घ्या.

शोध जन्माच्या दिवसापासून सुरू होतो. बुटकी पिल्लं जन्मताना भावंडांइतकीच असतात. जन्मापूर्वीची आणि पहिल्या दिवसांतली वाढ या संप्रेरकावर फारशी अवलंबून नसते. फरक दिसायला लागतो दहाव्या ते चौदाव्या दिवशी. तोवर एखादं मेलं तर आई ते खाऊन टाकते आणि आपल्याला कळतही नाही. म्हणून जन्माच्या दिवशी, मग चौथ्या, दहाव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी मोजदाद करा. काहीजण चौथ्या दिवशी वेत सहावर आणतात, म्हणजे प्रत्येकाला दूध पुरतं. सर्वसाधारण वसाहतीत ते ठीक आहे. इथे मात्र तुम्ही आंधळेपणाने बुटकीही काढत असता.

जोडीच चुकलेली असणं हे दुसरं कारण. वाहक आणि निर्दोष उंदीर दिसायला सारखेच. दोन वाहकांच्या नेहमीसारख्या दिसणाऱ्या पिल्लांपैकी तीनात दोन वाहक असतात, त्यामुळे अशी दोन भावंडं न तपासता जोडली तर दोघंही वाहक असण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी, नऊत चार. जनुक-चाचणी करा. ती करता येत नसेल तर जुना मार्ग आहे. संशयित उंदीर माहितीतल्या वाहकाशी जोडा. सोळा पिल्लांत एकही बुटकं झालं नाही, तर तो वाहक असण्याला फार कमी जागा उरते. संशयित खरोखर वाहक असता तर असं घडण्याची शक्यता शंभरात एक.

चाचणीतही एक खाच आहे. स्नेल उंदरांत दोषाचे दोन प्रकार वापरात आहेत. मूळ ‘डीडब्ल्यू’ प्रकारात एकच अक्षर बदललेलं आहे, त्यामुळे प्रथिनातल्या २६१ व्या जागी ट्रिप्टोफॅनऐवजी सिस्टीन येतं. ‘डीडब्ल्यू-जे’ प्रकारात जनुकाचा मोठा भागच उलटापालटा झाला आहे. पुष्कळ वसाहतींत मुद्दाम एका बाजूने एक आणि दुसऱ्या बाजूने दुसरा प्रकार आणून बुटकी तयार करतात, कारण दोन वेगळ्या वंशांच्या संकरातली पिल्लं काटक निघतात. तुमची चाचणी पहिल्याच प्रकारासाठी असेल, तर ती दुसऱ्या प्रकारचा वाहक ‘निर्दोष’ म्हणून दाखवेल आणि डोळ्यांसमोरचा बुटका ‘वाहक’ म्हणून. अहवाल आणि डोळे यांचं जुळत नसेल तेव्हा आधी वसाहतीचा मूळ कागद काढून बघा की कुठला प्रकार आणला होता.

अशक्त पिल्लू आणि बुटकं पिल्लू

मोठ्या वेतात एखादं पिल्लू मागे पडतं, त्याला दूध कमी मिळालेलं असतं. चौदाव्या दिवशी ते आणि खरं बुटकं यांत गल्लत होते. अशक्त पिल्लाचं अंग बारीक, पण ठेवण भावंडांसारखीच असते. बुटक्याचं नाक आखूड आणि बोथट, कान छोटे, शेपूट तोकडी. आणखी एक पिल्लू फसवतं. काळ्या सी-५७ वंशात मेंदूत पाणी साचलेली पिल्लं अधूनमधून होतात. तीही लहान राहतात, पण डोक्याचा घुमट वर आलेला असतो. बाजूने बघितलं की लगेच ओळखू येतं.

खात्री हवी तर वजनाची रेघ काढा. भावंडं काढून घेतली आणि दूध पुरायला लागलं की अशक्त पिल्लू झपाट्याने भरून निघतं. बुटक्याची रेघ आडवी होत जाते. आमच्या एका वेतात अठ्ठाविसाव्या दिवशी भावंडं तेरा-चौदा ग्रॅमची होती, एक ‘बुटकं’ सहा ग्रॅमचं आणि दुसरं ‘बुटकं’ साडेअकराचं. दुसऱ्याला आम्ही दोन आठवडे बुटक्यांच्या यादीत धरलं होतं. जनुक-चाचणीत ते निर्दोष निघालं.

रक्त काढताना पुन्हा तीच चूक

पिल्लं जगली, मोठी झाली, आता संप्रेरकं मोजायची. इथे दगावण्याची दुसरी लाट येते. उंदराच्या अंगात वजनाच्या सात-आठ टक्के रक्त असतं. अठ्ठावीस ग्रॅमच्या उंदरात ते दोन मिलिलिटरच्या आसपास, आणि एका वेळी त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे दोनशे मायक्रोलिटर काढता येतं. आठ ग्रॅमच्या बुटक्यात सगळं रक्तच सहाशे मायक्रोलिटर. त्याच्याकडून साठच घ्यायचं. ‘सगळ्या गटांतून समान नमुना’ म्हणून बुटक्यातूनही दोनशे काढणारे मी पाहिले आहेत. तो उंदीर संध्याकाळपर्यंत राहत नाही, आणि वहीत पुन्हा तीच ओळ पडते.

रात्रभर उपाशी ठेवून रक्त घ्यायची पद्धत इथे सोडा. साठा कमी असलेल्या जिवाला रात्रभराचा उपास झेपत नाही. उपास हवाच असेल तर दिवसा चार-सहा तासांचा ठेवा, तोही उबेत. भूल दिली तर शुद्धीवर येईपर्यंत गरम पट्टीवर ठेवा.

वाढीचं संप्रेरक एका नमुन्यात मोजून काही कळत नाही. ते झटक्या-झटक्याने सुटतं. दोन झटक्यांच्या मधे सापडलेल्या निरोगी उंदराचा आकडाही बुटक्याइतका खाली येऊ शकतो. त्यापेक्षा आयजीएफ-१ मोजा, म्हणजे वाढीच्या संप्रेरकाच्या निरोपावरून शरीरात बनणारं दुसरं संप्रेरक. ते संथ राहतं, मात्र मोजण्यापूर्वी त्याला चिकटलेली प्रथिनं आम्लाच्या साहाय्याने सोडवून घ्यावी लागतात, नाहीतर आकडा भलताच येतो. आणि हे सतत लक्षात ठेवा : उपासमारीत निरोगी उंदराचंही आयजीएफ-१ खाली जातं. जाळीपर्यंत न पोचलेलं अशक्त पिल्लू आणि ग्रंथीचा दोष असलेलं पिल्लू, दोघांचाही अहवाल ‘कमी’ असाच येईल.

उपचाराचा प्रयोग असेल तर माणसाचं वाढीचं संप्रेरक सहज मिळतं म्हणून तेच टोचलं जातं. उंदरात ते प्रोलॅक्टिनच्या ग्राहकांवरही जाऊन बसतं, शिवाय काही आठवड्यांत त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. परिणाम दिसला तर तो कुणाचा, हे मग सांगता येत नाही.

हे सगळं कशासाठी

लिट उंदरातला तो ग्राहकाचा दोष १९९३ मध्ये उलगडला. तीन वर्षांनी त्याच जनुकातला दोष माणसांत पहिल्यांदा सापडला, तो एका भारतीय मुस्लिम कुटुंबातल्या मुलांत. १९९८ मध्ये सिंधमधल्या खेड्यांतल्या खुज्या माणसांत तोच दोष वर्णन केला गेला, आणि पुढे पश्चिम भारतातल्या, म्हणजे आपल्या भागातल्या, मुलांतही तो मिळाला. पिट-१ आणि प्रॉप-१ मधले दोषही माणसांत आहेत. अशा मुलांत वाढीच्या संप्रेरकाबरोबर थायरॉइडही बघावं लागतं, आणि ते का बघावं लागतं हे आठ ग्रॅमच्या गारठलेल्या उंदराने आधीच दाखवलेलं आहे. नात्यात लग्न झालेल्या घरातलं, वयाच्या मानाने फार मागे राहिलेलं मूल आई-बापांनी बाह्यरुग्ण विभागात आणलं की डॉक्टर ज्या क्रमाने विचार करतात, त्या क्रमामागे हे पिंजरे आहेत. म्हणून पिंजऱ्यातला आकडा खोटा असून चालत नाही.

एवढं करूनही गेलं तर

मेलेलं पिल्लू पिशवीत घालून फेकू नका. लगेच उघडा. उशीर झाला तर आतडी सडतात आणि काही दिसत नाही. आधी दात बघा : वरचे-खालचे पुढचे दात एकमेकांवर बसतात का? वाकडे वाढले असतील तर लगदा कितीही मऊ केला तरी उपयोग नव्हता, आणि ती वेगळी अडचण आहे. मग जठर. त्यात पांढरं दही असेल तर ते अजून दुधावर होतं, तपकिरी लगदा असेल तर खात होतं, रिकामं आणि फुगलेलं असेल तर पोचत नव्हतं. मूत्रपिंडाभोवती चरबी आहे का ते बघा. कातडी चिमटीत धरून सोडली की उभीच राहते का, म्हणजे पाणी मिळत नव्हतं का. शेपटीवर, पाठीवर चावे आहेत का.

मग वहीत जे दिसलं ते लिहा. आमच्याकडच्या शेवटच्या नोंदीत असं आहे : ‘वय २६ दिवस, वजन ४.९ ग्रॅम, जठर रिकामं, चरबी नाही, दात ठीक. बशी पिंजऱ्याच्या थंड कोपऱ्यात होती. सोबतीण २४ व्या दिवशी दुसऱ्या प्रयोगासाठी काढली होती.’